जगन्नाथाचा खाजा

माझी आई मालवणकडची. तिला वाळू ओळखता यायची. नदीची कुठली, खाडीची कुठली आणि उघड्या समुद्राची कुठली, हे ती चिमूटभर वाळू तळहातावर पसरून सांगायची, आणि आमच्या घरात पुढे जे घडलं त्याची सुरुवात तिच्या या विद्येपासून झाली. बाबा कारखान्याच्या कामासाठी दिल्लीला गेले होते. दहा दिवसांनी परत आले, आंघोळीला गेले, आणि आईने त्यांचे बूट उन्हात ठेवायला उचलले तर आतून वाळू सांडली. तिने ती झाडून टाकली नाही. कागदाच्या पुडीत भरली, मला मागच्या अंगणात बोलावलं आणि पुडी उघडून म्हणाली, "ही बघ. यात शिंपल्याचा चुरा आहे. दिल्लीला समुद्र कधी आला गं?"

मी तेव्हा अकरावीत होते. दिल्लीला समुद्र नाही, हे कबूल करण्यापलीकडे मी आईला काहीच मदत करू शकले नाही. आईच्या लेखी समुद्र दोनच, एक मालवणचा आणि एक मुंबईचा. मालवणला बाबा गुपचूप जाणं शक्य नव्हतं, त्यांना एस.टी.तून उतरताना पाहिल्याबरोबर गावाने आम्हाला पत्र धाडलं असतं. राहिली मुंबई. मुंबईत दादरला, आईच्या आधी बाबांना सांगून आलेली एक मुलगी राहायची, आणि तिचं पुढे लग्न झालं की नाही याची आईला कधीच नीट खात्री करून घेता आली नव्हती. त्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "दिल्लीला थंडी कशी होती?" बाबा म्हणाले, "बरी होती." त्यांची मान आणि मनगटं उन्हाने रापली होती. आई "हं" म्हणाली आणि आमटी वाढली. पुढचे दोन महिने आमचं घर या "हं"वर चाललं.

मी स्वभावाने संशयी आहे असं माझ्या घरचे म्हणतात. भाजीवाल्याच्या तराजूपासून डॉक्टरच्या रिपोर्टपर्यंत मी कशावर पटकन विश्वास ठेवत नाही. सून तर म्हणते, आईंना देवाने दर्शन दिलं तरी त्या आधी ओळखपत्र मागतील. मागेनही. पण हा स्वभाव मी जन्मतः घेऊन आले नाही. तो मला भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये लागला, आणि तो लागायला ते एक वर्ष पुरलं.

क्वार्टर खालच्या मजल्यावरचं होतं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे भिंतीने बंद केलेलं अंगण. भिंतीपलीकडे रघुवंशींचं अंगण. पहाटेच्या भोंग्याआधी दोन्हीकडे स्टोचा आवाज सुरू व्हायचा, आमच्याकडून भाजलेल्या खोबऱ्याचा वास तिकडे जायचा आणि तिकडून हिंगाच्या फोडणीचा इकडे. आईला ओला नारळ लागायचा आणि तो भोपाळमध्ये कोणाच्या गावी नव्हता. हबीबगंज स्टेशनबाहेर एक फळवाला तिने शोधून काढला होता. त्याच्याकडे उभी राहून ती प्रत्येक नारळ कानाशी हलवून पाणी ऐकायची आणि तो बिचारा "माताजी, सब एक जैसे हैं" म्हणत बसायचा. रघुवंशी अंकल विदिशाकडचे. ते ड्रॉइंग सेक्शनमध्ये होते आणि बाबांचे टाउनशिपमधले एकुलते एक मित्र होते. बाबा बोलत नसत आणि अंकल थांबत नसत, म्हणून त्यांचं जमत असावं. अंकलकडे कारखान्याने दिलेला टेलिफोन होता. बाबांसाठी फोन आला की ते भिंतीवरून हाक मारायचे, "साळवी साहब, फोन," आणि बाबा तसेच अनवाणी धावायचे.

दोन्ही घरांत मुख्य येजा होती ती डब्यांची. आमच्या स्टीलच्या डब्यांवर बाबांचं नाव कोरलेलं, त्यांच्या डब्यांवर अंकलचं. इकडून करंज्या गेल्या की डबा चार दिवसांनी बेसनाचे लाडू घेऊन परत यायचा, लाडवांच्या डब्यातून आमचे घावने जायचे. रिकामा डबा परत करायचा नाही, हा नियम रघुवंशी आंटींच्या घरचा आणि आमच्याही घरचा. कधी घरात काहीच नसलं तर आई डब्यात चमचाभर साखर घालून पाठवायची. त्यामुळे कोणाचा डबा कोणाकडे आहे याचा हिशोब कधीच लागायचा नाही, आणि तो लागू नये अशीच दोघींची इच्छा असावी.

बाबा वेल्डिंगमधले. कारखान्यात वीजघरांची अवजड यंत्रं बनायची, ती सगळ्या देशाला माहीत होती. पण सगळ्यात मागे एक शेड होती, तिला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, तेवीस. तिच्याभोवती वेगळी भिंत, वेगळं फाटक आणि वेगळे शिपाई. तिथे जाणाऱ्यांच्या पासवर लाल पट्टी असायची आणि बाहेर पडताना त्यांच्या जेवणाच्या डब्यांचीसुद्धा झाकणं उघडून पाहत. बाबांच्या पासवर लाल पट्टी होती. तेवीसमध्ये काय बनतं असं मी एकदा विचारलं होतं. "नळ्या," बाबा म्हणाले. कसल्या? "पोलादाच्या." एवढ्यावर ते पेपर उघडून बसले.

ती दादरची मुलगी आमच्या घरातून शेवटी गेली ती रघुवंशी आंटींमुळे. बाबा आणि अंकल पुन्हा एकदा बरोबरच "दिल्लीला" जाऊन आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आंटी डबा घेऊन आल्या. "जगन्नाथजी का परसाद है, भाभीजी. ये पुरी से लाए हैं." एवढं बोलून त्या थबकल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मतलब, किसी ने भिजवाया है." डब्यात खाजा होता, पुरीच्या देवळाबाहेर मिळतो तो, मैद्याच्या पदरांचा, तळून पाकात घातलेला, वरून कोरडा आणि दातांखाली खुसखुशीत. आईने एक तुकडा मोडून पाहिला. आमच्या कोकणातलं खाजं म्हणजे जत्रेतल्या बेसनाच्या कांड्या, गुळाच्या आणि आल्याच्या. "हे कसलं खाजं," ती म्हणाली, पण तिचं लक्ष चवीकडे नव्हतंच. आंटी गेल्यावर तिने मला नकाशाचं पुस्तक आणायला लावलं. पुरी कुठे आहे ते मी दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि मग ते हळूहळू किनाऱ्यावरून वर सरकवत नेलं.

"हा समुद्रच ना गं?"

"समुद्रच."

वाळूची पुडी इतके दिवस डाळीच्या डब्यामागे होती. ती तिने तुळशीत रिकामी केली. रात्री बाबांच्या भातावर तुपाची धार जरा जास्तच वेळ पडली. बाबांनी वर पाहिलं, पण कारण विचारलं नाही. आईला तिचा नवरा परत मिळाला होता, आणि तो देशाचं कसलंसं गुपित घेऊन मिळाला होता, याने ती हरखूनच गेली होती. त्या दिवसापासून खाजा तिला फार आवडू लागला.

मला मात्र वेगळंच दिसलं. त्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रं उडवून पाहतात हे पेपरात येत असे, शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या परीक्षेलाही येत असे. नळ्या, लाल पट्टी, समुद्राची वाळू. एवढी बेरीज मला येत होती. मग मी टाउनशिपकडे त्या नजरेने पाहायला लागले, आणि थक्क झाले. सक्सेनांकडे खाजा आला होता. कोपऱ्यावरच्या नायरांकडे आला होता. लायब्ररीतल्या बाईंच्या टेबलावर कागदात दोन तुकडे होते. पुरुष मंडळी पंधरा-पंधरा दिवस त्या किनाऱ्यावर काढत, येताना एखादा रविवार पाहून पुरीला जात, आणि देवाच्या दारातून रिकाम्या हाताने कोण येणार? आणलेला प्रसाद घरातच खाल्ला तर तो लाभत नाही, तो वाटावा लागतो. फाटकावरचे शिपाई कागद शोधत, फिल्म शोधत. खाज्याकडे त्यांनी कधी पाहिलं नाही, उलट त्यांनाही एकेक तुकडा मिळत असावा. तेवीसमध्ये कोण काम करतं हे कळायला पास बघायची गरज नव्हती, कोणाच्या घरून खाजा येतो ते पाहिलं की पुरे. एकट्या आमच्या बाबांनी कधी आणला नाही. ते पुरीला जात की नाही मला माहीत नाही, पण आणला नाही.

त्याच थंडीत मार्टिन साहेब आला. तो युरोपातल्या एका देशाचा. तिथल्या कंपनीने कारखान्याला एक मशीन विकलं होतं. त्यात पोलादाचं जाड कडं घालायचं आणि बाहेर लांब, पातळ, कुठेही सांधा नसलेली नळी निघायची. आई पोळी लाटते तसं ते पोलाद लाटायचं, असं अंकल सांगत. विकताना त्यांनी आपल्याकडून लिहून घेतलं होतं की याच्यावर फक्त वीजघरांचं काम होईल, शस्त्रांचं नाही. ज्यांच्याजवळ स्वतःची क्षेपणास्त्रं होती अशा काही श्रीमंत देशांनी आपसात ठरवलं होतं की बाकीच्यांना ती बनवू द्यायची नाहीत, त्यासाठी लागणारी यंत्रं, पोलाद, काही विकायचं नाही. मार्टिन वर्षातून एकदा मशीनची देखभाल करायला यायचा आणि देखभाल करता करता त्यावर काय लाटलं जातंय तेही बघून जायचा. तो यायच्या आधी तेवीसमधलं काम ताडपत्र्यांखाली जायचं आणि बॉयलरच्या नळ्या ट्रेलरवर घालून आत आणल्या जायच्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फक्त तो यायच्या आठवड्यात बाबा रात्री उशिरा येत आणि त्यांच्या कपड्यांना ताज्या रंगाचा वास येई.

अंकलचा यावर फार राग होता. "इस शहर में आकर पूछते हैं कि कोई ख़तरनाक चीज़ तो नहीं बना रहे," ते अंगणात उभे राहून म्हणायचे. "पहले पुराने भोपाल में जाकर देख लें, बाहर वालों का कारख़ाना हमारा क्या कर गया." बाबा म्हणायचे, "रघुवंशीजी, धीरे बोलिए." गॅसची ती रात्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. आमच्या बाजूला वारा आला नाही म्हणून आम्ही वाचलो होतो, आणि खोकणारी माणसं अजून बसमध्ये शेजारी येऊन बसत होती. अंकलचं बोलणं मला पटायचं, अजूनही पटतं. पण आता वय झाल्यावर दुसरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. मार्टिनला जो संशय होता तो खरा होता, आणि आम्ही त्याला जे सांगत होतो ते खोटं होतं.

शनिवारी रात्री बाबा आईला म्हणाले, "उद्या मार्टिन साहेब चहाला येईल. तीन वाजता. पाचच्या आत त्याला उठू द्यायचं नाही."

"का?"

"जनरल मॅनेजर साहेबांनी सांगितलंय."

मार्टिनला रविवारी दुपारी कारखान्यात एकट्याने फेरी मारायची सवय होती, त्याच्याजवळ पास होता. त्या दुपारी तेवीसमधून काहीतरी हलवायचं राहिलं होतं. बाबांनी एवढंही सांगितलं नाही, पण आईने ओळखलं, आणि पाहुणा खाण्याने अडकवून ठेवायचा ही कामगिरी तिने अशी अंगावर घेतली की विचारता सोय नाही. सकाळपासून साबुदाणा भिजत होता. शेवटचे दोन्ही नारळ फुटले.

मार्टिन दारात वाकून आत आला, न सांगता बूट काढले आणि आईला हात जोडले. मला तो आवडला, हे मला लपवायचं नाही. त्याने पाकिटातून त्याच्या मुलीचा फोटो काढून दाखवला, ती माझ्याच वयाची होती. पोहे झाले, साबुदाणावडे झाले, करंज्या झाल्या. सोलकढी त्याने औषधासारखी प्यायली. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी मधे बसून दोन्हीकडचं सांगत होते. बाबा खुर्चीच्या कडेला बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सुरक्षा सप्ताहात बक्षीस मिळालेलं ते घड्याळ पाच मिनिटं पुढे चालायचं. सव्वाचारला मार्टिनने रुमालाने तोंड पुसलं आणि तो उठायच्या बेताने पुढे सरकला. नेमकी त्याच वेळी भिंतीवरून हाक आली, "साळवी साहब, फोन." बाबांनी आईकडे एकदा पाहिलं आणि ते मागच्या दाराने गेले.

आई स्वयंपाकघरात माझ्या कानाशी म्हणाली, "सगळं संपलं गं. आता काय देऊ?" मी फडताळातून आंटींचा डबा काढला. खाजा अजून बराच होता. बशीत मांडून मीच तो बाहेर नेला.

मार्टिन परत मागे टेकला. हे काय आहे म्हणून त्याने विचारलं. आई अभिमानाने म्हणाली, "जगन्नाथाचा प्रसाद आहे म्हणावं. आमच्याकडे सारखा येतो." मी एवढंच सांगायला हवं होतं. पण मला माझ्या इंग्रजीचा गर्व होता, आणि तो इतका चांगला ऐकत होता, की मी माझ्या पदरचं घातलं. मी म्हणाले, आमच्या टाउनशिपमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी येतो, पुरुष कामाला जातात ना तिकडे, तेव्हा आणतात. मार्टिनने एक तुकडा खाल्ला. मग विचारलं, "हे देऊळ समुद्राकाठी आहे ना?" मी हो म्हणाले. "बॉयलरवाले जातात?" त्याने हसत विचारलं. मी म्हणाले, "बाबांच्या शेडमधले." त्याने आणखी एक तुकडा घेतला आणि फार छान आहे असं आईला सांगायला सांगितलं.

बाबा परत आले तेव्हा ते दारातच थांबले. त्यांनी टीपॉयवरची बशी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मग येऊन बसले आणि मार्टिनशी भोपाळच्या तलावांबद्दल बोलू लागले. तो सव्वापाचपर्यंत बसला. जाताना दोन खाजे रुमालात बांधून घेतले, मुलीला देईन म्हणाला.

तो गेल्यावर बाबांनी दार लावलं. "कोणी काढला खाजा?" मी म्हणाले, मी. "काय बोललात?" मी सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. आई मधे मधे म्हणत राहिली, "अहो, नुसता प्रसाद तर आहे." बाबा उठून माझ्यासमोर आले. मला वाटलं मारतील, पण त्यांनी मला कधीच मारलं नव्हतं. ते म्हणाले, "हे आता कुणाला सांगायचं नाही. मलासुद्धा पुन्हा सांगू नकोस."

दोन महिन्यांनी मशीन बंद पडलं. सुट्या भागांसाठी लिहिलं तर तिकडून उत्तर आलं की पाठवणार नाही. पत्रात म्हणे सरळ विचारलं होतं, वीजघरांच्या नळ्या बनवणारी तुमची माणसं ओरिसाच्या किनाऱ्यावर वारंवार कशाला जातात? हे वाक्य दोन दिवसांत टाउनशिपभर झालं, आणि मग प्रत्येकजण प्रत्येकाकडे बघू लागला. नायरांचा भाऊ परदेशात होता. लायब्ररीतल्या बाई परदेशी मासिकं मागवायच्या. दूधवाला नवीन होता. क्लबात तंबोल्याला माणसं येईनाशी झाली आणि आली तरी आकड्यांपलीकडे बोलेनात. बायकांनी खाजा वाटणं एका दिवसात बंद केलं, म्हणजे सगळ्यांना मनातून कळलं होतं, फक्त कोणाच्या घरचा ते कळायचं होतं. रघुवंशी अंकल तेवढे मोठमोठ्याने बोलत राहिले. आई मला रोज रात्री विचारायची, "तू कुणाला बोलली नाहीस ना?" मीही तिला तेच विचारायचे.

चौकशीसाठी दिल्लीहून दोन माणसं आली, सफारी घातलेली, अगदी मऊ बोलणारी. मार्टिन ज्यांच्या ज्यांच्याकडे गेला होता त्या सगळ्या घरी ते जाऊन बसले. आमच्याकडे आले तेव्हा मी आतल्या खोलीत पडद्यामागे होते. काही झालं तर बाबांची नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, कदाचित त्यांना पकडूनही नेतील, एवढं मला समजत होतं. माझं नाव निघालं तर काय होईल ते मात्र समजत नव्हतं, आणि त्याची भीती जास्त होती.

"मेहमान ने क्या-क्या खाया, साळवी साहब?"

बाबांनी सगळे पदार्थ सांगितले. शेवटी खाजा सांगितला.

"वो आप लाए थे?"

"मैं आज तक नहीं लाया. रघुवंशी साहब के घर से आया था. डिब्बे पर उन्हीं का नाम है."

"मेहमान के सामने इसकी बात किसने की?"

"मैं उस वक़्त कमरे में नहीं था," बाबा म्हणाले. "रघुवंशी साहब ने आवाज़ दी थी. बात तो वो सबसे करते हैं, आप जानते हैं."

पेनाचा आवाज आला. मग त्यांनी डबा मागितला आणि आईने तो आणून दिला. झाकणावरचं नाव एकाने मोठ्याने वाचलं. बाबांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी तेव्हापासून खऱ्या वाक्यांना जास्त भिते.

महिनाभरात अंकलचा लाल पट्टीचा पास काढून घेतला आणि त्यांची बदली झाली, कोळशाच्या खाणींजवळच्या एका वीजघराच्या साइटवर. तिथे ड्रॉइंगचं काम नव्हतं, स्टोअर सांभाळायचं होतं. त्यांचा टेलिफोन आधीच काढून नेला होता. अंकलनी कोणाला काही विचारलं नाही. फक्त त्यांचं बोलणं बंद झालं, अंगणात येत तेसुद्धा खाली बघून. बाबा रोज भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. मी एकदा धीर करून म्हणाले, "बाबा, मी जाऊन सांगते." ते म्हणाले, "तू अकरावीत आहेस." याचा अर्थ काय घ्यायचा ते मला आजही नीट कळलेलं नाही.

पुढे खूप वर्षांनी मी वाचलं की त्या देशांना सगळं ठाऊक असायचं. कोणतं पोलाद कोणी मागवलं, कोणती जहाजं कुठे लागली, आकाशातून काढलेले फोटो, सगळं. म्हणजे कदाचित खाज्याचा काही संबंधच नसेल. कदाचित मार्टिनने ते दोन तुकडे मुलीला नेऊन दिले असतील आणि बाकी काही लिहिलं नसेल. मी याच्यावर विश्वास ठेवायचा खूप प्रयत्न केला. पण मी मुळात संशयी.

रघुवंशींचं सामान ट्रकमध्ये चढत होतं त्या सकाळी आंटी आमच्या दारात आल्या. हातात आमचा डबा होता, बाबांचं नाव कोरलेला, दिवाळीत चकल्या घालून दिलेला. आई पुढे झाली. "भाभीजी, थोडा बैठो ना, चहा टाकती हूँ," असं काहीतरी ती म्हणत होती आणि रडत होती. आंटींनी डबा तिच्या हातात दिला नाही, माझ्या हातात दिला. तो जड होता. "खाली नहीं लौटाते, बिटिया," त्या म्हणाल्या. "साहब को भी देना." माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या वळून गेल्या.

झाकण उघडलं तर आत खाजा होता. अंकलच्या शेवटच्या फेरीतला, त्यांनी कोणाला वाटला नव्हता. आईने डबा पाहिला आणि खाली बसली. मी म्हणाले, टाकून देते. "देवाचा आहे," ती म्हणाली. "टाकता येत नाही. आणि वाटायचा तरी कुणाला आता?"

मग तो आम्हालाच संपवावा लागला. रोज सकाळी भोंग्याआधी आई बाबांच्या चहाच्या कपाशेजारी एक खाजा ठेवायची. बाबा तो खायचे, पदर सुटून पडलेले कण बोटाने टिपून तेही खायचे, आणि बूट घालून कामाला जायचे. आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी डब्यात एकच उरला होता. बाबांनी तो बशीतून उचलला, मधोमध मोडला आणि एक तुकडा माझ्यासमोर धरला.

"अर्धा तुझा आहे," ते म्हणाले.

मी घेतला.